मरुत्सखाचे पतन : एका कथेची पाठचिकित्सा

मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर १८९५ साली एक विमान आकाशात चढले आणि काही क्षणांत खाली कोसळले, ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. कथेतील विमानाचे नाव 'मरुत्सखा', कर्ता शिवकर बापूजी तळपदे. विमान मनुष्यरहित होते, ते पंधराशे फूट उंच गेले, मग जमिनीवर आले. प्रेक्षकांत सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, आणि 'केसरी'ने त्याची वार्ता दिली, असे कथा पुढे सांगते. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे हे घडले, या वाक्याशी ती बहुधा संपते. शालेय निबंधांपासून चित्रपटापर्यंत तिचा प्रवास झाला असून तिच्यावर विश्वास ठेवणारे आणि तिची थट्टा करणारे असे दोन पक्ष पडले आहेत. दोन्ही पक्षांचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागलेले असते : विमान उडाले की नाही? कथेतल्या दुसऱ्या घटनेकडे, म्हणजे ते पडले याकडे, फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः या कथेचे मर्म त्या पडण्यात आहे.

एखादी कथा लेखी आधाराशिवाय तोंडातोंडी आणि लेखालेखांतून वाहत येते तेव्हा तिचे पाठभेद तयार होतात. मरुत्सखाच्या कथेचे पाठभेद ठळक आहेत. एका पाठात विमान थोडेसेच उचलले गेले आणि आदळले. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या पाठात ते काही मिनिटे हवेत राहिले. तिसऱ्या, सर्वांत लोकप्रिय पाठात पंधराशे फुटांची उंची, महाराज आणि न्यायमूर्ती आले. चौथ्यात पारा आणि सूर्यकिरण यांवर चालणारे इंजिन आले, पाचव्यात परकीय सरकारने प्रयोग दडपल्याचा आरोप आला. अखेर रुपेरी पडद्यावर स्वतः नायकच विमानात जाऊन बसला. पाठ जसजसा नवा तसतशी उंची वाढते, साक्षीदार थोर होतात आणि पतन आक्रसते. आरंभी 'उडाले आणि पडले' असे संयुक्त असलेले वाक्य पुढे 'उडाले' या एका क्रियापदावर येऊन थांबते.

तळपदे यांच्याविषयी निश्चितपणे सांगता येण्याजोगे थोडेच असले तरी ते क्षुल्लक नाही. त्यांचा जन्म १८६४ मधला. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातले, चिराबाजार परिसरात राहणारे, जे. जे. कलाशाळेच्या वातावरणाशी संबंध असलेले आणि आर्यसमाजाच्या विचारांनी भारलेले असे हे गृहस्थ होते. मुंबईत आर्यसमाजाची स्थापना १८७५ साली झाली. स्वामी दयानंदांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात नौका आणि विमाने यांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि वेदमंत्रांत यंत्रविद्येचे बीज आहे ही धारणा त्यात मांडलेली आहे. ही धारणा पटो वा न पटो, तिने एका पिढीवर काय परिणाम केला असेल ते समजून घेतले पाहिजे. आगगाडी, तारायंत्र आणि गिरणीचा भोंगा हे सगळे परक्याने आणले अशा काळात, आकाशात जाण्याची विद्या तरी आपली असावी, अशी आकांक्षा चिराबाजारातल्या एका बुद्धिमान तरुणाला वाटली, तर तिला हसण्याचे कारण नाही.

तळपदे यांचे 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे पुस्तक १९०७ सालचे. या शीर्षकातला 'शोध' हा शब्द बारकाईने पाहण्याजोगा आहे. मराठीत शोध घेतलाही जातो आणि लावलाही जातो. हरवलेल्या वस्तूचा शोध घेतात, वाफेच्या इंजिनाचा शोध लावतात. एक क्रिया धुंडाळण्याची, दुसरी निर्मितीची, आणि भाषेने दोहोंना एकच नाम दिले आहे. तळपद्यांचे शीर्षक उघडपणे पहिल्या अर्थाचे आहे : जुन्या ग्रंथांत विमानकलेच्या खुणा कोठे सापडतात याचा धांडोळा. पुढच्या कथाकारांनी मात्र तळपद्यांना दुसऱ्या अर्थाचे शोधक केले. विमानकलेचा शोध घेणारा हा मनुष्य विमानाचा शोध लावणारा झाला तो एका क्रियापदाच्या अदलाबदलीने. दंतकथा निर्माण होण्यास नेहमी खोटे बोलावेच लागते असे नाही. भाषेतली एखादी फट पुरते.

पुराव्याचा विचार केला तर कथेची स्थिती बिकट आहे. 'केसरी'चा हवाला सर्वत्र दिला जातो, पण हवाला देणारे अंकाची तारीख देत नाहीत, मजकूर उतरवीत नाहीत. 'केसरी' हे त्या काळी साप्ताहिक होते आणि १८९५ हे त्याच्या इतिहासातले गजबजलेले वर्ष होते. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ त्याच वर्षी उभी राहिली, आणि वर्षअखेर पुण्यात भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाने सामाजिक परिषदेचा वाद पेटवला. अशा वर्षी एका मराठी माणसाने हजारोंच्या देखत यंत्र आकाशात चढवले असते, तर टिळकांच्या लेखणीने त्या घटनेचे काय केले असते याची कल्पना करणे कठीण नाही. ती बातमी एका अंकात येऊन विरून गेली नसती. तिच्यावर अग्रलेख झाले असते, वर्गणी जमली असती, विरोधी पत्रांनी खुसपटे काढली असती. मुंबईत इंग्रजी, गुजराती आणि मराठी वृत्तपत्रांची स्पर्धा तीव्र होती, आणि आकाशातला तमाशा हा विषय त्यांना अपरिचित नव्हता. पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवीराने १८८९ मध्ये मुंबईत बलूनमधून छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली होती. शहरात छायाचित्रणाची परंपरा चाळीस वर्षांची झाली होती आणि १८९६ च्या जुलैमध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रेही दाखवली गेली. पाहणाऱ्यांचे, टिपणाऱ्यांचे आणि छापणाऱ्यांचे असे हे शहर होते. कथेने सांगितलेली गर्दी खरी मानली तर त्या गर्दीचे मौन समजत नाही.

पाऱ्याची गोष्ट आणखी उद्‌बोधक आहे. अकराव्या शतकातल्या भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथात लाकडी पक्ष्याच्या आकाराचे यंत्र, त्याच्या पोटात पारा आणि खाली अग्नी, असे वर्णन येते. यंत्रांची घडण सविस्तर सांगितलेली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानापोटी नव्हे, असेही ग्रंथकार बजावतो. हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला १९२४-२५ मध्ये, टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाने, बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत. मरुत्सखाच्या कथेत पारा आणि गायकवाड हे दोघे शेजारी शेजारी उभे आहेत हे पाहिले म्हणजे, कथेच्या या थरावर त्या प्रकाशनाची सावली पडली असावी असे म्हणायला जागा आहे. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण १८९५ च्या चौपाटीपेक्षा १९२५ च्या ग्रंथालयात पारा सापडणे अधिक स्वाभाविक वाटते.

दुसरा ग्रंथ 'वैमानिकशास्त्र'. भरद्वाजमुनींच्या नावावर असलेला हा ग्रंथ अनेकलचे पं. सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि जी. वेंकटाचल शर्मा यांनी तो लिहून घेतला. ग्रंथ हिंदीत १९५९ मध्ये आणि जी. आर. जोस्यर यांच्या इंग्रजी भाषांतरासह १९७३ मध्ये आला. तळपदे यांचे निधन हे कथन सुरू होण्यापूर्वीचे आहे. तरीही, त्यांनी १८९५ मध्ये याच ग्रंथाबरहुकूम विमान बांधले, असे अनेक लेखांत निःशंकपणे लिहिलेले आढळते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांचे चार सहकारी यांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची परीक्षा केली. भाषा आणि आशय पाहता ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यात वर्णिलेली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निर्णय. त्याच निबंधात तळपद्यांचा ओझरता उल्लेख आहे. शास्त्रींच्या मार्गदर्शनाने मुंबईत तळपदे यांनी काही प्रतिकृती केल्या, परंतु त्यांतली एकही उडाली नाही, अशी शास्त्रींच्या परिवाराकडून मिळालेली ती माहिती आहे. गौरवकथेत न बसणारा हा तपशील खुद्द शास्त्रींच्या घरातून यावा, हे लक्षणीय आहे.

येथे पाठचिकित्सेचे एक जुने तत्त्व आठवते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकर प्रभृतींनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना ज्या कसोट्या वापरल्या, त्यांपैकी एक अशी : दोन पाठांतला जो अवघड, जो लेखनिकाला सोपा करावासा वाटेल, तो मूळचा असण्याची शक्यता अधिक. गौरवकथेत पतन हा अवघड पाठ आहे. नायकाचा पराक्रम सांगणारा कथाकार आपल्या पदराने त्याचे यंत्र कशाला पाडील? त्या न्यायाने, मरुत्सखाच्या कथेचा सर्वांत जुना थर उड्डाणाचा नसून पडण्याचा ठरतो. कोठेतरी, कदाचित चौपाटीवर, कदाचित एखाद्या अंगणात, एका लहान यंत्राचा प्रयोग झाला, ते जमिनीपासून सुटते न सुटते तोच आदळले, आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीत ते आदळणेच राहिले.

हा न्याय आंधळेपणाने लावता येत नाही हेही सांगितले पाहिजे. कथेतले पतन दुसऱ्या गरजेतूनही येऊ शकते. विमान उडाले असे सांगितले की, मग ते गेले कोठे, हा प्रश्न उरतो. पडले, मोडले, पुढे पैशांअभावी काम थांबले, अवशेष एका व्यापारी पेढीने विकत घेतले, ही सगळी उत्तरे त्या प्रश्नासाठी रचलेली असू शकतात. म्हणजे एकच पतन कथेचा सर्वांत विश्वसनीय भाग असू शकते किंवा सर्वांत सोयीचा. या दोहोंत निवाडा करायचा तर पुन्हा पाठभेदांकडेच पाहावे लागते. सोयीचा भाग कथाकार जपतात, वाढवतात, रंगवतात. पतन मात्र पाठागणिक झिजत गेले आहे. त्याची कोणाला सोय नव्हती, असाच याचा अर्थ करणे अधिक युक्त दिसते.

विमानविद्येच्या दृष्टीने तर जमिनीवरून उचलले जाण्याचा क्षण हाच सर्वांत अवघड आहे. त्या वेळी वेग जेमतेम असतो. पंखांना उचलणारे बल वेगावर आणि वाऱ्याशी होणाऱ्या कोनावर अवलंबून असते. नाक थोडे वर केले तर बल वाढते, मर्यादेपलीकडे केले तर पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि बल एकाएकी नाहीसे होते. उंचावर असे झाले तर वैमानिकाला नाक खाली करून सावरायला अवकाश मिळतो. जमिनीलगत तो अवकाश नसतो. म्हणून आरंभीच्या बहुतेक यंत्रांचा इतिहास हा सुटण्याच्या क्षणी पडण्याचा इतिहास आहे, आणि ज्यांनी त्या पडण्याचे टिपण ठेवले त्यांनाच पुढची वाट सापडली.

उत्तर कॅरोलिनातील किल डेव्हिल टेकड्यांवर १४ डिसेंबर १९०३ रोजी घडलेली घटना याचा नमुना आहे. पहिली पाळी कोणाची यासाठी राइट बंधूंनी नाणे उडवले, विल्बर जिंकला. यंत्र टेकडीच्या उतारावरून रुळावर धावले, सुटले, आणि विल्बरने त्याचे नाक फार तीव्रतेने वर केले. साडेतीन सेकंदांत, सुमारे १०५ फुटांवर, वेग गमावून ते वाळूत आदळले आणि पुढचा काही भाग मोडला. एवढासा अपघात. विल्बरने त्याच दिवशी वडिलांना आणि बहिणीला पत्र लिहून चूक यंत्राची नसून आपल्या अंदाजाची होती असे कळवले. दुरुस्तीत दोन दिवस गेले. १७ तारखेला ऑर्व्हिलचे बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे उड्डाण झाले, आणि त्या दिवसाच्या चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने यंत्र उलथवले, आणि ते पुन्हा कधी उडाले नाही. चौदा तारखेचे साडेतीन सेकंद हे उड्डाण मानायचे नाही, हा निर्णय त्या बंधूंनी स्वतःच घेतला होता. जगातल्या पहिल्या उड्डाणाचा मान तीन दिवस आधी पदरात पडत असताना त्यांनी तो नाकारला, ही गोष्ट त्यांच्या यंत्राइतकीच मोठी आहे.

याच घटनेची वृत्तपत्रीय आवृत्ती पाहण्यासारखी आहे. नॉरफकच्या 'व्हर्जिनियन-पायलट' पत्राने दुसऱ्या दिवशी हे यंत्र तीन मैल उडाल्याचे छापले. ८५२ फुटांचे तीन मैल व्हायला एक रात्र पुरली. जानेवारी १९०४ मध्ये दोघा भावांनी निवेदन काढून खरी अंतरे जाहीर केली. त्यांची टिपणे, तार, पत्रे आणि किनारारक्षक ठाण्यावरच्या जॉन डॅनियल्सने टिपलेले छायाचित्र उरले नसते, केवळ ते वृत्तपत्र उरले असते, तर किटी हॉकची कथा चौपाटीच्या कथेहून फारशी वेगळी दिसली नसती. बातमी फुगण्याचा दोष एका समाजाचा नव्हे.

युरोप-अमेरिकेतल्या इतर प्रयत्नांतही ही वृत्ती आढळते. हायरम मॅक्सिमचे साडेतीन टनांचे वाफेचे यंत्र ३१ जुलै १८९४ रोजी केंटमध्ये रुळांवरून धावताना उचलले गेले, वरचा अडकवण रूळ तोडून मोडले. मॅक्सिमने ते तसेच सांगितले. फ्रान्सच्या क्लेमां आदेरची गोष्ट निराळी. त्याचे 'एओल' हे यंत्र १८९० साली जमिनीपासून वीतभर उचलले गेले, एवढे मान्य होते. १८९७ मध्ये सातोरीच्या मैदानावर लष्करी अधिकाऱ्यांसमोर झालेला प्रयोग फसला. परंतु राइट बंधूंची कीर्ती पसरू लागल्यावर, १९०६ मध्ये, आपण त्या दिवशी तीनशे मीटर उडालो होतो असे आदेर सांगू लागला. लष्कराचा अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात असे काही नव्हते. तरी देशाभिमानाने तो दावा पुढे कित्येक वर्षे सांभाळला. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली या नामांकित शास्त्रज्ञाचे सरकारी पैशाने बांधलेले विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ असे दोनदा, सुटता क्षणीच, पोटोमॅक नदीत पडले. ज्या स्मिथसोनियन संस्थेचा लँग्ली सचिव होता तिने पुढे, यंत्रात फेरफार करून १९१४ मध्ये घेतलेल्या चाचणीच्या आधारावर, ते मुळातच उडण्यास समर्थ होते असे ठरवले. संतापलेल्या ऑर्व्हिलने १९२८ मध्ये आपले विमान लंडनच्या संग्रहालयाला दिले. संस्थेने आपले म्हणणे मागे घेतले ते १९४२ मध्ये, आणि विमान मायदेशी परतले १९४८ मध्ये. फरक इतकाच की, तेथे दावा खोडून काढण्यासाठी कागद होते.

कागदाची अपेक्षा कोठे करावी आणि कोठे करू नये, हा विवेक मात्र हवा. काशीसमोर गंगेच्या पलीकडे रामनगर आहे. तेथील रामलीला अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर चालते, आजही ध्वनिवर्धकाशिवाय. लंकाविजयानंतर राम, सीता आणि लक्ष्मण पुष्पक विमानातून अयोध्येला निघतात. हे विमान माणसांच्या बळावर चालते, जमीन सोडत नाही, आणि तरीही जमलेल्या हजारोंना ते आकाशातून जाताना दिसते. ते उडाले काय, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, विचारणे असभ्यपणाचे होईल. कालिदासाने 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात याच विमानातून समुद्र, जनस्थान आणि गोदावरी दाखवली. देहूच्या वारकऱ्याला तुकोबांच्या वैकुंठगमनाचे विमान ठाऊक आहे. 'विमान' हा शब्द मराठीत यंत्राच्या कितीतरी आधी आला, आणि यंत्र आले तेव्हा त्याच्यासाठी तयार होता. ज्या भाषेत यंत्राआधी शब्द पोहोचलेला असतो, तेथे यंत्रही पूर्वी असलेच पाहिजे असे वाटू लागते.

याच गंगेच्या काठी, रामनगरपासून सव्वाशे किलोमीटरवर, अलाहाबादच्या प्रदर्शनात १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली आणि नैनीला उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटे. त्या पत्रांवर खास शिक्का मारला होता, आणि ती पाकिटे आजही संग्राहकांपाशी आहेत. पुष्पकाला शिक्का लागत नाही, टपालाच्या विमानाला लागतो. मरुत्सखाच्या कथेची अडचण ही की, तिला श्रद्धा पुष्पकाची हवी आहे आणि मान टपालाच्या विमानाचा.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरचा एक निबंध गाजला. त्याच महिन्याच्या अखेरीस 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. दोन्हींवर भरपूर लिहिले गेले, आणि त्या लिखाणात तळपदे हे एकतर राष्ट्रपुरुष होते किंवा विनोदाचे निमित्त. प्रताप वेलकर यांच्यासारख्या पाठारे प्रभू समाजाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी या गृहस्थांकडे समाजाचा घटक म्हणून, एक हौशी आणि कष्टाळू प्रयोगकार म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला होता, तो सूर या गलबल्यात ऐकू आला नाही. गौरव करणाऱ्यांनी तळपद्यांचे अपयश काढून घेतले. थट्टा करणाऱ्यांनी त्यांचा प्रयत्न काढून घेतला. दोघांनी मिळून मागे ठेवले ते एक नाव आणि एक पंधराशे फुटांचा आकडा.

वास्तविक १८९५ साली उडू पाहणारे यंत्र पडणे यात लाजण्यासारखे काही नव्हते. ज्याची हजारो उड्डाणे छायाचित्रांसह नोंदलेली आहेत तो ऑटो लिलिएनथाल १८९६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या ग्लायडरवरून पडून मेला, आणि पुढच्या संशोधकांनी त्याच्या मृत्यूचाही अभ्यास केला. मुंबईच्या त्या प्रयोगकाराला असा समानधर्मी वर्ग नव्हता, यंत्रशाळा नव्हती, पत्रव्यवहार करायला लँग्लीसारखा कोणी नव्हता. वसाहतीतल्या माणसाला फसण्याचा अधिकारही नसतो, कारण त्याचे फसणे त्याच्या एकट्याचे राहत नाही, ते त्याच्या समाजाच्या नाकर्तेपणाचा पुरावा ठरवले जाते. अशा वेळी त्याचे लोक त्याचे पडणे लपवतात. हे लपवणे प्रेमापोटी होते हे मान्य केले पाहिजे, आणि त्यात त्या माणसाचे जे काही खरोखर त्याचे होते तेच हरवले, हेही.

कथेच्या शेवटाशी एक प्रसंग येतो, जो चित्रपटाला आणि व्याख्यानांना फारसा उपयोगी पडला नाही. तळपद्यांच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी यंत्राचे उरलेले भाग रॅली ब्रदर्स या परदेशी पेढीला विकले, असे काही पाठ सांगतात. या प्रसंगाच्या आधाराने पुढे चोरीची आणि कटाची उपकथा रचली गेली. ती बाजूला ठेवली तर उरते ते असे : घरात वर्षानुवर्षे पडून राहिलेली लाकडे, नळ्या, पत्रे, आणि त्यांचे करायचे काय या विवंचनेतली माणसे. रॅली ब्रदर्स ही प्रामुख्याने कापूस आणि धान्याच्या व्यापारातली पेढी. तिला त्या सामानाची किंमत काय वाटली असेल, हे कथा सांगत नाही.